दीड कोटीची विजेची गाडी आणि चिंचणीची खारी हवा

पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्याला खाऱ्या हवेचा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. खिडकीचे गज वेळच्या वेळी रंगवले नाहीत तर पापुद्रे सुटतात, फाटकाच्या बिजागऱ्या कुरकुरू लागतात. अशा गावात विजेवर चालणारी आलिशान मोटार ठेवायची, तर आधी विचार करावा लागतो तो घरातल्या विजेचा आणि बाहेरच्या हवेचा.

अशा गाड्या आता दुर्मीळ राहिलेल्या नाहीत. मर्सिडीज-बेंझने ‘ईक्यूएस ५८०’ ही सेडान २०२२ मध्ये पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात जुळवायला सुरुवात केली. तेव्हा तिची शोरूम किंमत १ कोटी ५५ लाख रुपये होती. टेस्लाने देशातले पहिले दालन १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले. करांचे पारडेही विजेच्या बाजूने झुकलेले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के जीएसटी लागतो, तर विजेच्या गाडीवर ५ टक्के. ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर (ईव्ही) ६ टक्के मोटार वाहन कर लावण्याचा प्रस्ताव राज्याच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात होता, पण तो त्याच मार्च महिन्यात मागे घेतला गेला.

गाडी घेणे असे सोपे झाले आहे. ती सांभाळायची कशी, याची चर्चा मात्र शोरूममध्ये फारशी होत नाही.

सुरुवात आकड्यांनी करू. ईक्यूएस ५८० च्या बॅटरीची क्षमता १०७.८ युनिट आहे आणि एका चार्जमध्ये ८५७ किलोमीटर हा तिचा एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने प्रमाणित केलेला पल्ला. प्रत्यक्षात एसी लावून, महामार्गाच्या वेगाने जाताना १०० किलोमीटरला २० युनिट धरावेत, म्हणजे पल्ला साधारण ५४० किलोमीटरवर येतो. चिंचणीहून बोईसर, मनोरमार्गे मुंबईला जाऊन परत यायला अडीचशे किलोमीटरच्या आसपास पडतात आणि त्याला निम्मीच बॅटरी लागते. वाटेत कुठेही न थांबता माणूस घरी येतो. म्हणूनच या गाडीचा खरा पंप घराच्या भिंतीवर असतो.

तो पंप नीट बसवला पाहिजे. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर एवढी मोठी बॅटरी रिकामीची पूर्ण भरायला दीड दिवसाहून जास्त वेळ जातो. ७.४ किलोवॅटच्या भिंतीवरच्या चार्जरवर तेच काम पंधरा-सोळा तासांचे. मुंबईच्या फेरीत खर्च झालेले ५० युनिट मात्र रात्री दहाला गाडी लावली की सकाळी सहापर्यंत भरून निघतात. पण एवढा भार तासन् तास ओढायचा तर घराचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. ११ किलोवॅटचा चार्जर हवा असेल तर थ्री फेज जोडणीच लागते. वीज नियामक आयोगाने ईव्ही चार्जिंगसाठी वेगळा दरवर्ग ठेवला आहे. घरगुती वापरात युनिट वाढले की दराचा टप्पाही वाढतो, तेव्हा वेगळा मीटर परवडेल का, हे महावितरणच्या कार्यालयात आधीच विचारलेले बरे.

खरी गोम अर्थिंगमध्ये आहे. जुन्या घरांत अर्थिंगची तार कुठेतरी तुटलेली असते किंवा नसतेच. फ्रीज-टीव्ही तिच्याविनाही चालतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि ते धड नसेल तर वीज घ्यायलाच नकार देतो. खाडीकाठच्या खारट मातीत वीज चांगली वाहते, पण तीच माती जमिनीतला लोखंडी रॉड खाऊन टाकते. म्हणून तांब्याचा मुलामा दिलेला रॉड, चार्जरपुरता स्वतंत्र खड्डा आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर वायरमनकडून मोजणी, एवढे तरी करावे. खाडीपलीकडच्या तारापूरला १९६९ पासून देशातले पहिले अणुवीज केंद्र उभे आहे. तरी घरातल्या सॉकेटपर्यंत येणारी वीज किती धड आहे, हे शेवटी घरच्या वायरिंगवरच ठरते.

आता गाडीकडे वळू. इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, क्लच यांचा खर्च नाही. ईक्यूएसचे बॉनेट तर मालकाने उघडायचेच नसते. काच धुण्याचे पाणी भरायला पुढच्या चाकावरच्या पत्र्यात एक लहानसे झाकण दिलेले आहे. काळजी घ्यायची ती खालच्या बाजूची. बॅटरीची पेटी जमिनीलगत सपाट बसवलेली असते. तिथे ॲल्युमिनियमला पोलादी बोल्ट भिडतात आणि मध्ये मिठाचे पाणी शिरले की दोन धातूंमध्ये गंजण्याची क्रिया वेग घेते. म्हणून पुळणीवर गाडी घालण्याचा मोह टाळावा. अडीच टनांची गाडी वाळूत रुततेच, शिवाय काढताना खारे पाणी सांध्यासांध्यांत जाते. किनाऱ्यावर राहणाऱ्याने गोड्या पाण्याने गाडीचा तळ नियमित धुवावा. पाण्याचा जोरदार फवारा मात्र चार्जिंगच्या तोंडावर आणि नारिंगी केबलींवर मारू नये. त्या केबली उच्च दाबाच्या असतात आणि त्यांना हात लावायचा अधिकार फक्त प्रशिक्षित मेकॅनिकचा.

ब्रेकचे दुखणे तर अगदी किनाऱ्याचेच. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की मोटर जनित्रासारखी फिरते, वेग उतरतो आणि वीज बॅटरीत परतते. त्यामुळे डिस्क-पॅड फार कमी झिजतात. पण न वापरलेल्या डिस्कवर दमट खाऱ्या हवेत तांबूस थर चढतो, कॅलिपरच्या पिना अडकू लागतात. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे पाहून, चार-पाच वेळा ब्रेक जरा दाबून लावले की डिस्क साफ होते. ब्रेक फ्लुइड साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते.

लांबच्या प्रवासात तलासरीमार्गे गुजरातकडे जाताना महामार्गावरच्या फास्ट चार्जरचा आधार घ्यावा लागतो. ईक्यूएस २०० किलोवॅटपर्यंत वीज घेऊ शकते आणि तशा चार्जरवर १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर जायला ३१ मिनिटे पुरतात. चार्जर ६० किलोवॅटचा असेल तर त्याच कामाला सव्वा तास किंवा जास्त लागतो. तेव्हा निघण्यापूर्वी ॲपमध्ये चार्जर आहे एवढेच पाहून भागत नाही, तो किती किलोवॅटचा आणि चालू आहे का, हेही पाहावे. स्टेपनी बऱ्याच आलिशान ईव्हींत नसते. पंक्चरचे किट डिकीत आहे ना, हेही तपासावे.

बॅटरीवर बहुतेक कंपन्या आठ वर्षांची वॉरंटी देतात. निकेल असलेल्या रसायनाची बॅटरी रोजच्या वापरात ८० टक्क्यांपर्यंतच भरावी आणि लांब जायचे असेल तेव्हाच पूर्ण. लोह-फॉस्फेटची असेल तर ती अधूनमधून शंभर टक्के भरायला कंपन्याच सांगतात. आपल्या गाडीत कोणती आहे, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्यावे. विम्यात बॅटरीत पाणी शिरण्याचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते का, तेही त्याच वेळी वाचावे. जुलैच्या पावसात गाडी पाण्यात उभी राहिली, तर ती सुरू न करता कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून फ्लॅटबेडवरच वर्कशॉपला न्यावी. चिंचणीहून ते वर्कशॉप मुंबई-ठाण्याकडे असण्याचीच शक्यता जास्त, म्हणून रोडसाइड असिस्टन्स पालघर जिल्ह्यात कुठपर्यंत येते, हे करारात लिहून घ्यावे आणि सही त्यानंतर करावी.