हॉटेलातील काटकसर : कोणाची आणि कशाची?

काटकसर आणि कवडीचुंबकपणा यांत आपल्या वडीलधाऱ्यांनी नेहमीच फरक केला आहे. पाहुण्याच्या पानात कमी वाढणे हा कवडीचुंबकपणा; भात शिजल्यावर चुलीतले लाकूड मागे ओढणे ही काटकसर. हॉटेलच्या धंद्यात हा फरक फार लवकर विसरला जातो, म्हणून आज त्याचा थोडा हिशेब मांडावयाचा आहे.

आपल्या मीरा-भाईंदरला हा विषय परका नाही. काशिमिऱ्याला महामार्गालगत हॉटेले व लॉज आहेत, उत्तनच्या किनाऱ्याकडे रिसॉर्टे आहेत आणि स्टेशनाबाहेर उपाहारगृहांची रांगच आहे. या शहराला स्वतःचे मोठे धरण नाही. वर्षानुवर्षे पाणी आले ते शहाड-टेमघरच्या योजनेतून आणि औद्योगिक महामंडळाकडून, उल्हास नदीवरून, लांबून पंपाने ढकलत. तेव्हा हॉटेलात एक बादली पाणी फुकट वाहिले, की ते येथवर आणणारी वीजही त्याबरोबर वाहून गेली असे समजावे.

आता विजेचे पाहू. शंभर लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठ अंशांपर्यंत तापवावयाचे तर सुमारे चार युनिट वीज लागते. वीस खोल्यांच्या लॉजात खोलीमागे इतके पाणी तापले, तर रोजची ऐंशी युनिटे झाली. पावसाळा सोडला तर आपल्या गच्चीवर ऊन फुकट पडते; सौर बंबाने यातला मोठा भाग वाचतो. दिव्यांचेही तसेच. साठ वॅटच्या जुन्या बल्बाचे काम नऊ वॅटचा एलईडी दिवा करतो. वातानुकूलन यंत्राचे तापमान एका अंशाने वाढविले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली सांगितले. अठरा अंशांवर यंत्र लावून वर रजई पांघरणाऱ्या पाहुण्याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

उष्ट्याची गोष्ट याहून गंभीर आहे. ओले अन्न कचऱ्याच्या ढिगात दबले, की हवेवाचून कुजते आणि त्यातून मिथेन वायू निघतो. तो पेट घेतो, म्हणून कचऱ्याचे डोंगर धुमसतात. आपल्या शहराचा कचरा उत्तनच्या डोंगरावर जातो; त्या दुर्गंधीविरुद्ध आणि शेतात उतरणाऱ्या घाण पाण्याविरुद्ध तेथील गावकरी अनेक वर्षे ओरडत आले आहेत. शहरात जेवलेल्या ताटाचे उष्टे कोळ्याच्या आणि शेतकऱ्याच्या दारात पडावे, हा न्याय नव्हे.

हाच वायू बंद टाकीत धरला तर त्याच भटारखान्याची शेगडी पेटते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने यासाठी 'निसर्गऋण' संयंत्र तयार केले. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र बनविले आणि २००६ साली संस्थेस ॲश्डेन पुरस्कार मिळाला. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका कचरा वेगळा करण्याची जबाबदारी हॉटेलांवर टाकली. विलेपार्ल्यास विठ्ठल कामत यांनी १९९७ साली 'ऑर्किड' उघडले, तेव्हा पंचतारांकित थाट आणि पर्यावरणाची काळजी एकत्र नांदू शकतात हे दिसलेच होते.

मग अडते कोठे? यंत्र मालक आणतो, पण तोटी बंद करणारा हात कामगाराचा असतो. माझ्या माहितीतल्या एका हॉटेलात 'वीज वाचवा' असा फलक लागला आणि पहिला पंखा बंद झाला तो कामगारांच्या झोपायच्या खोलीतला! रिकाम्या खोल्या मात्र गारच राहिल्या. अशा काटकसरीस कामगार मनापासून साथ देईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

मोरीवर ताटे घासणाऱ्या पोराला ठाऊक असते की कोणती भाजी रोज परत येते आणि कोणत्या ताटात भात जास्त पडतो. त्याला कोणी विचारीत नाही. चादरी रोज न बदलल्याने पाणी वाचते, हे योग्यच. पण त्या निमित्ताने धुलाईवाल्याला घरी बसविले, तर ती बचत नसून त्याच्या पोटातून काढलेला घास आहे. म्हणून मागणे साधे आहे. विजेच्या, पाण्याच्या व गॅसच्या मापाचे आकडे दर आठवड्यास फळ्यावर लिहावेत. कचरा निवडणाऱ्यास हातमोजे द्यावेत व तो वेळ कामात धरावा. आणि जी बचत होईल तिचा ठरलेला वाटा कामगारांस मिळावा. मग दिवे आपोआप मालवले जातील.

श्रोतेहो, गिऱ्हाईक म्हणून आपलाही यात भाग आहे. लागेल तेवढेच मागवावे, उरलेले बांधून न्यावे, आणि खोली सोडताना बटण दाबावे. बिल आपण भरले, तरी टाकलेल्या अन्नाची किंमत त्या बिलात पुरती आलेली नसते. बाकीची उत्तनचे लोक भरीत असतात.