खालच्या गड्याची पलटी

आपल्या लाल मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की गडी चीत आणि कुस्ती संपली. ब्राझिलियन जिउ-जित्सू या प्रकारात मात्र पाठीवर पडलेल्या गड्याची झुंज चालूच राहते. जपानचे ज्यूदोपटू मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला गेले. त्यांच्या शिकवणीतून ही विद्या तेथे वाढली. दोन्ही पायांत धरलेल्या वरच्या गड्याला उलथवून आपण वर येणे, या डावास 'स्वीप' म्हणतात. आपण त्यास पलटी म्हणू. स्पर्धेत पलटी मारून तीन सेकंद वर टिकल्यास २ गुण मिळतात.

पुष्कळ तरुण नुसता जोर लावतात आणि दमतात. गुडघ्यांवर असलेल्या गड्याला दोन गुडघे व दोन हात असे चार आधार असतात. बाजेचे एका बाजूचे दोन पाय काढले की ती त्याच बाजूला कलंडते. पलटीचे मर्म एवढेच आहे.

'कात्री' पलटी प्रथम शिकावी :

१) डाव्या हाताने त्याची उजवी बाही व उजव्या हाताने कॉलर घट्ट धरावी. आता तो हात टेकू शकत नाही.

२) कंबर उजवीकडे सरकवून डाव्या कुशीवर व्हावे. उजवी नडगी त्याच्या पोटावर आडवी ठेवावी. डावा पाय जमिनीलगत त्याच्या उजव्या गुडघ्याबाहेर ठेवावा.

३) त्याला आपल्याकडे ओढावे. त्याचा भार आपल्यावर आला की दोन्ही पाय कात्रीसारखे एकदम चालवावे : उजवा डावीकडे, डावा उजवीकडे.

ओढण्याआधी पाय चालविल्यास डाव फसतो, कारण त्याचा भार अजून टाचांवरच असतो. त्याने गुडघा पक्का रोवला असेल, तर बाजूने हिसका देऊ नये. त्याचा गुडघा दुखावतो. अशा वेळी पाऊल त्याच गुडघ्यावर ठेवून मागे ढकलावे.

प्रत्येक बाजूने दहा वेळा सावकाश करावे. जोडीदाराने प्रथम विरोध करू नये. जोडीदाराने थाप मारताच थांबावे. नखे कापलेली असावीत. सरावानंतर आंघोळ करावी, गादी पुसावी. गजकर्ण झालेल्याने बरे होईपर्यंत सरावास येऊ नये. शिकणे जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावे, हे पालकांनीही ध्यानात ठेवावे.