खाली बसत जाणारे ब्रेक पेडल

जुन्या पिकअपचे ‘पेडल खाली जाते’ ही तक्रार एकच वाटली, तरी तिच्यामागे निरनिराळे दोष असू शकतात. म्हणून सुटे भाग बदलण्याआधी गाडी उभी ठेवून पेडल नेमके कसे खाली जाते हे पाहणे अगत्याचे ठरते. पेडल स्पंजसारखे लागून दोन-तीनदा पंप केल्यावर वर येत असेल, तर पाइपांत हवा शिरल्याचा संशय घ्यावा. ते बरेच खाली लागूनही तेथे घट्ट थांबत असेल, तर बहुधा मागील ड्रम आणि लायनर यांतील अंतर वाढलेले असते. इंजिन सुरू होताना पेडल किंचित सरकणे हा तर दोषच नव्हे. चालकाचा जोर व्हॅक्यूमच्या साहाय्याने वाढवणारा बूस्टर कार्यरत असल्याचे ते लक्षण होय.

पाय स्थिर असतानाही पेडल सावकाश तळापर्यंत उतरत जाते, तेव्हा मात्र दाबाखालचे तेल कोठून तरी वाट काढत असते. ते बाहेर गळत असल्यास टाकीतील पातळी घटते आणि चाकांच्या आतील बाजूस, रबरी होजवर किंवा गंजलेल्या पाइपावर ओल सापडते. ओल नसूनही पातळी घटत असेल, तर मास्टर सिलिंडर, अर्थात पेडलच्या दाबाने चाकांकडे तेल ढकलणारा मुख्य पंप, बूस्टरपासून सैल करून मधली जागा पाहावी, कारण मागचे सील गेल्यास तेल बूस्टरमध्ये साचते.

पातळी जराही न घटता पेडल बसत असेल, तर पहिला संशयित म्हणजे खुद्द मास्टर सिलिंडर. त्याच्या पिस्टनवरील रबरी वाटी झिजली की तेल तिच्या कडेवरून मागे निसटून पुन्हा टाकीतच जाते. जोराने दाबल्यास वाटीची कड फाकून सिलिंडरच्या भिंतीला चिकटते व दोष लपतो, हलक्या पायाने तो उघडा पडतो. त्यामुळे दोन्ही प्रकारे दाबून पाहावे. अशा वेळी वारंवार एअर काढत बसण्याची गॅरेजांतील सवय निरुपयोगी तर आहेच, पण घातकही आहे, कारण पेडल तळापर्यंत नेल्याने वाटी एरवी न वापरल्या जाणाऱ्या, गंजाने खडबडीत झालेल्या भागावर घासते आणि उरलीसुरली कडही कापली जाते.

खात्री करायची असल्यास मास्टर सिलिंडरची बाहेर जाणारी तोंडे योग्य आट्यांच्या प्लगने बंद करून पेडल दाबावे. तरीही ते बसल्यास सिलिंडरच दोषी. घट्ट राहिल्यास दोष पुढे शोधावा. उदाहरणार्थ, अमेरिकेतील फोर्डच्या एफ मालिकेतील पिकअपांना 1987 पासून केवळ मागच्या चाकांसाठी एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) मिळाले. त्याच्या झडपेत कचरा अडकून ती नीट बंद झाली नाही, तर तेल तिच्या आतील साठवण-कप्प्यात शिरते, आणि नवा मास्टर सिलिंडर बसवूनही पेडल पूर्वीसारखेच बसत राहते.