भरवशाची किंमत कोण मोजतो?

२०२४ सालच्या मे महिन्यात पुण्याच्या औद्योगिक जीवनात एक लक्षणीय घटना घडली. इंग्लंडमधील सोलिहल येथे १९७० पासून तयार होत आलेली ‘रेंज रोव्हर’ ही उंची मोटार यापुढे पुण्यातही जोडली जाईल, असे जाहीर झाले. या गाडीच्या चोपन्न वर्षांच्या इतिहासात तिची जुळणी इंग्लंडबाहेर होण्याचा हा पहिलाच प्रसंग असल्याचे सांगितले गेले. आयात कराचा बोजा हलका झाल्यामुळे तिची किंमत बरीच उतरली. उतरली म्हणजे अडीच कोटी रुपयांच्या आसपास आली! अशा वाहनाशी आपला संबंध काय, असा प्रश्न ज्याचे मासिक वेतन महिनाअखेरीस पुरत नाही अशा वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु या गाडीच्या लौकिकात एक विसंगती आहे. ती नीट न्याहाळली तर हा प्रश्न कोट्यधीशांपुरता उरत नाही. जी गाडी वारंवार बिघडते अशी तिची ख्याती आहे, तीच गाडी जाणती, हिशेबी माणसे डोळे उघडे ठेवून पसंत करतात. हे कसे घडते, आणि या पसंतीची किंमत अखेर कोणाच्या खिशातून जाते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ही ख्याती केवळ ऐकीव नाही. अमेरिकेतील जे. डी. पॉवर ही संस्था दरवर्षी तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या मालकांना विचारून दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी निघाल्या ते प्रसिद्ध करते. २०२१ सालच्या पाहणीत सर्व गाड्यांची सरासरी १२१ तक्रारींची होती. जपानची लेक्सस ८१ तक्रारींसह पहिली आली आणि रेंज रोव्हर बनविणारी लँड रोव्हर २४४ तक्रारींसह अगदी शेवटी राहिली. आधीच्या वर्षीही तिचा क्रमांक शेवटचाच होता. अर्थात अशा आकड्यांचा अर्थ जपून लावला पाहिजे. या मोजणीत गिअरबॉक्स निकामी होणे ही जशी एक तक्रार, तशीच समोरच्या पडद्याने फोनशी जोड न घेणे हीही एकच तक्रार. उपकरणे जितकी अधिक तितक्या तक्रारीही अधिक, हेही उघड आहे. तरीपण लेक्सस ही काही बैलगाडी नव्हे. सुखसोयींची रेलचेल तिच्यातही आहे. तेव्हा चैनीची गाडी म्हटली की बिघाड आलाच, हे समर्थन टिकण्यासारखे नाही.

या गाडीच्या कुळाचा इतिहास पाहिला म्हणजे ही विसंगती अधिकच तीव्रतेने जाणवते. दुसरे महायुद्ध संपल्यावर रोव्हर कंपनीचे प्रमुख अभिकल्पकार मॉरिस विल्क्स हे वेल्समधील अँगलसी बेटावरील आपल्या शेतावर युद्धातून उरलेली एक अमेरिकन जीप वापरीत असत. ती मोडली तर तिच्या जागी काय घ्यावे, या विवंचनेतून शेतकऱ्याच्या उपयोगाचे एक साधे वाहन बनविण्याची कल्पना निघाली. पोलादाची टंचाई असल्याने अंगकाठी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली गेली, आणि १९४८ च्या एप्रिलअखेर ॲमस्टरडॅम येथील प्रदर्शनात पहिली लँड रोव्हर लोकांसमोर आली. नांगर ओढावा, लाकूड कापण्याचे यंत्र चालवावे, चिखलातून दूधदुभते बाजारात न्यावे, आणि मोडलीच तर गावच्या लोहाराने दुरुस्त करावी, असे ते वाहन होते. ऐट हा शब्दही त्याच्या आसपास फिरकला नव्हता.

१९७० साली स्पेन किंग या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली निघालेली रेंज रोव्हर ही या शेतगाडीची धाकटी बहीण. स्प्रिंगांच्या मऊ बैठकीमुळे ती रस्त्यावर मोटारीसारखी धावे आणि रानात ट्रॅक्टरसारखी चढे. आतली बैठक इतकी साधी की पाण्याच्या नळीने धुऊन काढावी. पुढे शहरातील श्रीमंतांनी हीच गाडी मुलांना शाळेत पोचविण्यासाठी वापरावी, याविषयी उतारवयात खुद्द किंग यांनीच जाहीर नापसंती व्यक्त केली होती. निर्मात्याचा हेतू आणि ग्राहकाचा हेतू यांची फारकत किती पूर्ण झाली होती, हे यावरून दिसते.

या गाडीच्या गुणाची आणि दोषाची एकत्रित साक्ष देणारा प्रसंग १९७१-७२ मधला. ब्रिटिश सैन्यातील अधिकारी जॉन ब्लॅशफर्ड-स्नेल यांच्या नेतृत्वाखाली दोन रेंज रोव्हर गाड्या अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत नेण्यात आल्या. वाटेत पनामा व कोलंबिया यांच्या सीमेवर दारिएनचे दलदलीचे अरण्य लागते. तेथे रस्ताच नाही. ते ओलांडण्यास सुमारे शंभर दिवस लागले. दलदलीसाठी बसविलेल्या अवाढव्य टायरांचा ताण न सोसून गाड्यांचे डिफरन्शियल फुटले, तेव्हा कंपनीने इंग्लंडहून माणसे व सुटे भाग विमानाने धाडले. गाड्या अखेर पार झाल्या, आणि तो पराक्रम जाहिरातींतून जगभर गाजला. त्या पराक्रमाचे श्रेय हिरावून घेण्याचे कारण नाही. परंतु गाडी मोडल्यावर विमानाने सुटे भाग येण्याची सोय सामान्य मालकाला नसते, ही गोष्ट मात्र जाहिरातीत येत नाही.

नंतरच्या दशकांत बिघाडाची कारणे वाढतच गेली. १९७५ मध्ये ब्रिटिश लेलँड कंपनी सरकारने ताब्यात घेतली. संप, तोटा व भांडवलाची चणचण यांच्या कचाट्यात सापडलेल्या त्या कारखान्याला या गाडीस चार दारे द्यावयास १९८१ साल उजाडावे लागले. पुढे ब्रिटिश एरोस्पेस, मग जर्मनीची बीएमडब्ल्यू, मग अमेरिकेची फोर्ड आणि २००८ पासून टाटा अशी मालकी बदलत गेली. प्रत्येक मालकाबरोबर इंजिने, विद्युत्-यंत्रणा आणि कारखान्याच्या रीतीही बदलल्या. त्याच वेळी गाडीतील गुंतागुंत वाढत होती. १९९२ साली आलेली हवेवरची बैठक हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. पोलादी स्प्रिंगेच्या जागी रबरी फुगे, त्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर, हवा वाटणाऱ्या झडपा, उंची मोजणारे संवेदक आणि या सर्वांवर हुकमत गाजविणारा संगणक! बसणाऱ्यास पोटातले पाणी हलल्याचा भास होत नाही, हे खरे. परंतु काही वर्षांनी रबर चिरते, हवा झिरपते, ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर अहोरात्र राबून जळतो, आणि सकाळी पाहावे तो गाडी एका अंगावर कलून बसलेली असते. पोलादी स्प्रिंग अशी दगा देत नाही.

असे असूनही गाडी विकली जाते. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच दिखाऊ उपभोगाची मीमांसा करून ठेवली आहे. काही वस्तूंची किंमत हाच त्यांचा मुख्य उपयोग असतो, असे त्याचे तात्पर्य. परंतु सर्व मालकांना दांभिक ठरविणे अन्यायाचे होईल. उंच आसनावरून दिसणारा रस्ता, डोंगरवाटेवरचा निर्धास्तपणा, आकाराचे व रेषांचे सौष्ठव या गोष्टींत खरा आनंद आहे. माणूस केवळ हिशेबाने जगत नाही. हिशेबाने जगला असता तर सतार आणि पैठणी या दोन्ही वस्तू बाजारातून नाहीशा झाल्या असत्या. तेव्हा बिघाडाची शक्यता पत्करून एखाद्याने आपल्या आवडीची गाडी घेतली, तर त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार कोणास नाही.

मात्र ही आवड कोणाला परवडते, हे पाहिले पाहिजे. ज्याच्या दारात दुसरी गाडी उभी आहे, त्याच्या दृष्टीने पहिलीचा बिघाड म्हणजे एक दूरध्वनी आणि चार दिवसांची गैरसोय. हमीची मुदत संपण्याच्या सुमारास तो ती विकून नवी घेतो. भरवशाची गरज त्याला कमी असते, कारण त्याचा भरवसा वाहनावर नसून बँकेतील शिलकेवर असतो. याउलट जो प्राध्यापक तालुक्याच्या महाविद्यालयात दुचाकीवरून जातो, जी परिचारिका रात्रपाळीला निघते, जो रिक्षावाला रोजच्या धंद्यावर हप्ता फेडतो, त्यांच्याजवळ वाहन एकच असते. ते बंद पडले की वेतन कापले जाते किंवा चूल थंडावते.

हा फरक किती निर्दय असू शकतो, याचा दाखला एकाच उद्योगगृहाच्या इतिहासात मिळतो. २००८ च्या जानेवारीत टाटांनी एक लाखाच्या मोटारीचा, नॅनोचा, पडदा उघडला आणि त्याच वर्षी जग्वार व लँड रोव्हर या दोन कंपन्या २३० कोटी डॉलरना खरेदी केल्या. पुढे काही नॅनो गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या, आणि २०१० च्या नोव्हेंबरात संपूर्ण देशात अवघ्या ५०९ नॅनो खपल्या. कर्ज मिळण्यातील अडचणी आणि ‘सर्वांत स्वस्त’ या बिरुदाचा संकोच हीही त्यामागची कारणे होती. २०१८ मध्ये तिचे उत्पादन जवळपास थांबले. रेंज रोव्हर मात्र वर्षानुवर्षे तक्रारींच्या यादीत तळाशी राहूनही दिमाखाने उभी आहे. नॅनोचा ग्राहक क्षमाशील नव्हता असे नव्हे. आयुष्याची पुंजी लावणाऱ्याला क्षमा करणे परवडत नाही, एवढाच याचा अर्थ.

आता आपल्या वाचकाशी थेट संबंध येतो तो येथे. पहिल्या मालकाने सोडलेली गाडी अदृश्य होत नाही. ती जुन्या बाजारात येते. सात-आठ वर्षांनी तिची किंमत इतकी घसरते की नव्या मध्यम गाडीच्या दरात हे ऐश्वर्य दारात उभे राहू शकते. नुकताच नोकरीस लागलेला, चार पैसे हाती खुळखुळणारा तरुण या मोहात सापडतो. त्याने एक गणित पक्के ध्यानात ठेवावे. गाडीची किंमत घटते, तशी तिच्या सुट्या भागांची घटत नाही. गाडी जरी पंधरा-वीस लाखांना मिळाली, तरी तिचा कॉम्प्रेसर, तिचा गिअरबॉक्स आणि तिच्या कारागिराची मजुरी ही मूळच्या कोटीच्या गाडीचीच असते. शिवाय आधीचा मालक ती नेमकी आताच का विकत आहे, हे तो सांगत नाही.

योगायोग असा की, ज्या १९७० साली रेंज रोव्हर निघाली, त्याच वर्षी जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. दगाबाज गाडीला अमेरिकेत ‘लेमन’ म्हणतात. विकणाऱ्याला गाडीचे गुणदोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्याला नसतात, म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला संशयाने कमी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकण्यास तयार होत नाही, आणि बाजारात उरतात त्या बहुतांशी दगाबाज गाड्या. पुढे २००१ मध्ये ॲकरलॉफ यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. अज्ञानाचा दंड खरेदीदाराला कसा भरावा लागतो, हे इतक्या स्वच्छपणे फार थोड्यांनी दाखविले आहे.

अमेरिकेने यावर कायद्याचा उपाय शोधला. १९८२ साली कनेक्टिकट राज्याने, वारंवार दुरुस्त करूनही न सुधारणारी नवी गाडी परत घेण्यास किंवा बदलून देण्यास कंपनीला भाग पाडणारा कायदा केला, आणि पाठोपाठ इतर राज्यांनीही तो उचलला. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालाबद्दल उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूद केली, आणि २०२१ पासून सुरक्षिततेस बाधक अशा दोषांसाठी गाड्या परत मागविण्याचे नियम अमलात आले. दुरुस्तीचा हक्क ग्राहकास असावा, या दृष्टीने केंद्र सरकारने २०२२ मध्ये समितीही नेमली. ही पावले योग्य दिशेची असली तरी अपुरी आहेत. वारंवार बिघडणाऱ्या मोटारीसाठी स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. प्रत्येक गाडीचा दुरुस्तीचा इतिहास तिच्या नोंदणीपत्राबरोबर नव्या मालकाच्या हाती पडला पाहिजे. सुटे भाग किती वर्षे आणि कोणत्या दराने मिळतील, हे विक्रीच्या वेळीच लेखी सांगितले गेले पाहिजे. यांतील एकही मागणी अवघड नाही. केवळ ती करणारा वर्ग असंघटित आहे.

येथे पुण्याचाही संबंध येतो. गाडीचे भाग अजून पुष्कळसे बाहेरून येत असले, तरी ती जोडणारे हात आता आपले आहेत. दोन जोड घट्ट बसविणारा, तारांचा जुडगा नीट गुंतविणारा, अखेरची तपासणी काटेकोरपणे करणारा कामगार हा भरवशाचा खरा कर्ता असतो. जपानी मोटारींनी जगाचा विश्वास संपादन केला तो याच शिस्तीच्या बळावर. एके काळी ऑस्ट्रेलियाच्या माळरानांत लँड रोव्हरचे राज्य होते. टोयोटाच्या लँड क्रूझरने ते हिरावून घेतले. ओसाड प्रदेशात जायचे तर इंग्रजी गाडी घ्या, पण परत यायचे असेल तर जपानी, अशी म्हणच तेथे रूढ झाली. आज दुर्गम प्रदेशांत काम करणाऱ्या मदतसंस्थाही बहुधा लँड क्रूझरच वापरतात, कारण तेथे गाडी बंद पडणे म्हणजे औषध न पोचणे.

श्रीमंताने काय विकत घ्यावे, हे त्याला शिकविण्याची आवश्यकता नाही. परंतु यंत्राची थोरवी कशावरून ठरवावयाची, हे समाजाने ठरविले पाहिजे. आज वृत्तपत्रे, जाहिराती आणि घराघरांतील गप्पा यांतून गाडीची चर्चा होते ती तिचे रूप, वेग आणि किंमत यांना धरून. पंधराव्या वर्षी ती कशी चालते, आणि गावच्या मिस्त्रीला ती उघडता येते की नाही, हे कोणी विचारीत नाही. अँगलसीच्या शेतावर एका माणसाने हाच प्रश्न विचारला होता, आणि त्यातून एक चांगले यंत्र जन्माला आले. ज्याच्याजवळ एकच वाहन आहे त्याच्या वतीने तो प्रश्न पुन्हा विचारला जाण्याची वेळ आली आहे. पुण्याच्या कारखान्यात आज जी गाडी जोडली जाते, तिची खरी परीक्षा शोरूममध्ये नव्हे, तर तिच्या तिसऱ्या मालकाच्या दारी होईल.