टर्बो डिझेल इंजिनास जाणाऱ्या हवेचे मोजमाप

कळमेश्वर तालुक्यातील काळ्या जमिनीत उन्हाळी वखरणी अथवा रोटाव्हेटरची पाळी चालू असली म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे धुळीचा मोठा लोट उठतो आणि वारा फिरला की तो ट्रॅक्टरच्याच अंगावर येतो. याच हवेवर इंजिनाला चालावयाचे असते. डिझेलचा भाव प्रत्येक शेतकऱ्यास तोंडपाठ असतो. परंतु ते डिझेल जाळण्यास हवा किती लागते, याचा हिशेब सहसा कोणी करीत नाही. एक किलो डिझेल जळण्यास कमीत कमी साडेचौदा किलो हवा लागते, आणि धूर होऊ नये म्हणून पूर्ण भारावर प्रत्यक्षात सुमारे वीस किलो द्यावी लागते. एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ०.८३ किलो असते. म्हणजे ताशी १० लिटर डिझेल जाळणारे इंजिन त्या एका तासात सुमारे १६५ किलो हवा ओढून घेते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशा पाच खोल्यांतील हवेहूनही ही अधिक भरते.

हवेचे वजन ऋतुमानाप्रमाणे बदलते, ही गोष्टही ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या भागात डिसेंबरातील पहाटे १० अंश तापमान असता एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलो भरते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तीच १.०७ किलोच्या आसपास उतरते. इंजिनाच्या पोटात जागा तेवढीच, पण हवा नवव्या हिश्शाने कमी. उन्हाळ्यात ट्रॅक्टर 'ओढत नाही' असे जे म्हटले जाते, त्यात थोडे तथ्य असते ते यामुळे.

हवा अधिक कोंबण्याची युक्ती म्हणजे टर्बो. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. सायलेन्सरकडे जाणाऱ्या तप्त वायूने एक चक्र फिरते व त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. दाबलेली हवा मात्र तापते. ४५ अंशांची हवा दुप्पट दाबास नेली तर ती १४० अंशांच्या आसपास जाते, म्हणून तिला इंटरकूलरमधून थंड करून पुढे पाठवितात. जुन्या टर्बो इंजिनांपैकी अनेकांत डिझेल पंपावर एक पडदा बसविलेला असे. टर्बोचा दाब वाढला की पडदा दबे आणि तेवढेच अधिक डिझेल सुटे. साधी, पण हुशारीची रचना होती ती. तिला दाब कळे. हवेचे तापमान मात्र कळत नसे.

१ एप्रिल २०२० पासून मोटारवाहनांना भारत स्टेज ६ आणि १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम ४ हे धुराचे नियम लागू झाले. त्याबरोबर संत्री घेऊन कळमन्याच्या बाजारात जाणाऱ्या नव्या पिकअपमध्ये आणि मोठ्या ट्रॅक्टरांतही डिझेल किती सोडावयाचे, हे इंजिनावरील संगणक ठरवू लागला. पन्नास अश्वशक्तीखालील बहुसंख्य ट्रॅक्टरांत अद्याप साधा पंपच आहे. त्यांना सेन्सरचा पुढील भाग लागू नाही, हवेच्या गाळणीचा मात्र पूर्ण लागू आहे.

सेन्सर काय मोजतात?

एअर क्लीनर आणि टर्बो यांमधील नळीत अनेक इंजिनांना हवेचे वजन मोजणारा सेन्सर असतो. त्यातील एक बारीक पट्टी विजेने तापविलेली असते. गरम चहावर फुंकर घातली की तो निवतो, त्याप्रमाणे जाणारी हवा पट्टीला निववते, आणि ती पुन्हा तेवढीच तापविण्यास किती वीज लागली यावरून किती वजनाची हवा गेली हे कळते. दुसरा सेन्सर इंटरकूलरच्या पुढे, इंजिनाच्या तोंडाशी असतो. तो दाब व तापमान सांगतो. काही इंजिनांत पहिला नसतो, आणि दाब, तापमान व फेरे यांवरून संगणक हवेचा हिशेब मांडतो. हवा कमी आहे असे कळले की चालकाने कितीही रेस दिली तरी संगणक डिझेल हात राखूनच सोडतो. जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात घेतला जातो, तो किती घ्यावा हेही याच मोजमापावर ठरते.

छिद्र टर्बोच्या कोणत्या बाजूस?

ट्रॅक्टर ओढत नाही, दिवा लागला, अशी तक्रार आली की 'सेन्सर गेला' असे निदान फार चटकन केले जाते. पुष्कळदा सेन्सर खरेच बोलत असतो. दोष नळीत असतो. म्हणून ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास हवेचा मार्ग आरंभापासून शेवटपर्यंत हाताने चाचपून पाहावयास शिकवावे. इंजिन बंद व थंड असतानाच हे करावे.

टर्बोच्या आधीच्या नळीत ओढ असते. तेथे रबरी नळी चिरली किंवा क्लिप सैल झाली तर आवाज होत नाही, डाग पडत नाही. सेन्सरच्या पुढे चीर असल्यास न मोजलेली हवा आत शिरते. सेन्सर कमी आकडा सांगतो, संगणक डिझेल कमी सोडतो आणि जोर घटतो. पण जोर घटणे ही त्यातली लहान हानी आहे. ही हवा न गाळलेली असते. धूळ टर्बोची पाती आणि इंजिनाचे लायनर-रिंग घासून टाकते, आणि तो खर्च कोणत्याही सेन्सरच्या किमतीहून मोठा असतो. नळी उघडून आतून स्वच्छ फडके फिरवावे. गाळणीच्या पुढे धूळ लागली तर गळती आहेच असे समजावे.

टर्बोनंतरच्या नळीत दाब असतो. तेथे भोक पडले तर मोजलेली हवा वाटेतच निसटते, भारावर सुसाट फुसफुस ऐकू येते, जोडापाशी तेलकट धुळीचा डाग दिसतो. हवेपेक्षा डिझेल अधिक झाल्याने काळा धूर निघतो. ज्या वाहनांत सायलेन्सरमध्ये काजळी अडविणारी गाळणी आहे तेथे धूर दिसणारही नाही. काजळी आतच साठून गाळणी तुंबेल.

सेन्सरचा प्लग काढून 'गाडी चालते' असे दाखविण्याची रीत काही ठिकाणी आढळते. ती सर्वथा अयोग्य होय. प्लग काढला की संगणक अंदाजाचा आकडा धरून जोर मर्यादित ठेवतो. मूळ चीर तशीच राहते आणि धूळ जातच राहते. मोठ्या खर्चापूर्वी यंत्र लावून दोषाचा कोड वाचून घ्यावा व तो कागदावर लिहून मागावा.

एअर क्लीनरच्या बाबतीत दोन टोके दिसतात. काहीजण तो हंगामभर उघडत नाहीत. काहीजण रोज उघडून कागदी गाळणी चाकावर आपटतात. आपटल्याने कागद फाटतो व कडा वाकतात. गाळणी तुंबल्याचा निर्देशक लाल झाला किंवा दिवा लागला तरच ती काढावी. बाहेरची गाळणी आतून बाहेर अशा दिशेने कमी दाबाच्या हवेने साफ करावी, मग अंधारात आत बल्ब धरून पाहावे. कोठे उजेडाचा ठिपका दिसला तर ती टाकून द्यावी. आतली लहान गाळणी साफ करावयाची नसते, बदलावयाची असते. कागदी गाळणीस तेल लावू नये. ते उडून सेन्सरच्या तप्त पट्टीवर बसते. खालचा रबरी धूळझडप रोज दाबून धूळ सांडावी. पऱ्हाटीचा भुगा करण्याचे यंत्र चालविताना तर दर दोन-तीन तासांनी हे करावे, कारण कापसाचे तंतू त्यात लवकर अडकतात.

तप्त पट्टी बोट, कापड किंवा कॉम्प्रेसरची हवा लागल्यास तुटते. ती साफ करावयाची असल्यास त्याच कामाचा फवारा वापरावा व पूर्ण वाळल्यावरच बसवावी. ट्रॅक्टर धुताना पाण्याचा जोराचा मारा सेन्सरच्या प्लगवर घेऊ नये. पावसाळ्यात ट्रॅक्टर गोठ्याशेजारी अनेक दिवस उभा राहणार असल्यास उंदीर वायरी कुरतडतात. पेंड व धान्याची पोती त्याच्याजवळ रचू नयेत, आणि पहिल्या दिवशी चालू करण्यापूर्वी बॉनेट उघडून वायरी पाहून घ्याव्यात.