नोटीस लागते, फोन येत नाही

अमेरिकेतल्या रात्रीच्या मॅचेस आपल्याकडे सकाळी दिसतात. पुण्यात कसबा पेठेतल्या आमच्या जिन्यावर दोन-तीन पोरं क्लासला निघण्याआधी मोबाइलवर तिथल्या कॉलेजांचं बास्केटबॉल बघत असतात. त्यांचा प्रश्न ठरलेला, "काका, या खेळाडूंसारखी स्कॉलरशिप आपल्याकडे कशी मिळते?" जिन्यात उभ्या उभ्या सांगून होण्यासारखं ते नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तिकडचं बघू. डिव्हिजन वन ही तिथल्या कॉलेज-खेळांची सगळ्यात वरची श्रेणी. 2024-25 पर्यंत तिथल्या पुरुष संघाला 13 पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. 2025-26 पासून नवी व्यवस्था स्वीकारलेल्या कॉलेजांना संघात 15 खेळाडू ठेवता येतात, आणि त्या सगळ्यांना शिष्यवृत्तीही देता येते. स्वतःची फी भरून संघात खेळतो तो वॉक-ऑन. यातले काही बोलावणं नसताना चाचणीला आलेले असतात.

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक जण वॉक-ऑनच असतो. कुणी प्रशिक्षक आपल्या घरी येऊन आईवडिलांशी बोलणी करत नाही. कॉलेजच्या जिमखान्याबाहेर, म्हणजे क्रीडा विभागाच्या खोलीबाहेर, एक कागद लागतो: निवड चाचणी अमुक तारखेला, अमुक वाजता. तो कागद आपल्याला दिसला नाही, तर त्या वर्षापुरतं आपलं खेळणं संपलं.

म्हणून पहिली पायरी प्रवेशाची. कॉलेज निवडताना तिथे मैदान आहे का, संघ दरवर्षी उतरतो का, हे आधी विचारा. काही कॉलेजं चांगल्या खेळाडूला फीमध्ये सवलत देतात, पण ती त्या त्या संस्थेच्या मर्जीवर असते. तोंडी आश्वासनावर विसंबू नका, लेखी मागा.

दुसरी पायरी चाचणीची, आणि आपल्या पेठेतली मुलं घसरतात ती इथेच. कॉलेज सुरू होऊन चाचण्या लागतात, त्याच सुमाराला नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव रंगात आलेला असतो. मानाचा पहिला गणपती आपल्या कसब्याचा, त्यामुळे पथक सोडवत नाही, हे मी समजू शकतो. पण चाचणी एकदाच होते. त्या आठवड्यात पथकप्रमुखाला सांगून सुट्टी घ्या.

सरावाची अडचण वेगळीच. बास्केटबॉलचं पूर्ण मैदान 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद. कसब्याच्या बोळांत आणि वाड्यांच्या चौकांत ते कुठलं बसायला! म्हणून पोरं नदी ओलांडून डेक्कन, शिवाजीनगरकडे जातात. चाचणीआधी निदान पंधरा दिवस पूर्ण मैदानावर पळा. अर्ध्या मैदानाची सवय असलेल्या मुलाला तिसऱ्या फेरीत धाप लागते.

चाचणीत छाप पाडायची म्हणून मुलं 6.75 मीटरवरच्या तीन गुणांच्या रेषेवरून बॉल फेकत सुटतात. निवडणाऱ्याची नजर मात्र पायांवर असते. समोरचा आत घुसायला लागला की आपण गुडघे वाकवून, पाय एकमेकांत न अडकवता आडवे सरकतो का? बॉल गेल्यावर मान खाली घालून उभे राहतो, की लगेच मागे धावतो? डाव्या हाताने सोपी बास्केट होते का? संघात जागा असते बारा जणांना, आणि शेवटच्या दोन-तीन जागा बहुतेकदा अशा कष्टाळू मुलांना मिळतात.

तिसरी पायरी कागदांची. विद्यापीठ स्पर्धेसाठी पात्रता अर्ज लागतो. हा विद्यार्थी आमचाच आणि नियमित शिकणारा आहे, असं कॉलेजने त्यात लिहून द्यायचं असतं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, प्रवेशाची पावती, ओळखपत्र हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नंतर, आईचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, असल्या फरकांवरून ऐन वेळी धावपळ होते. ही नावं जूनमध्येच जुळवून घ्या.

पुढचा प्रवास पायरीपायरीने होतो. पुणे शहर विभागात कॉलेज विरुद्ध कॉलेज, मग आंतरविभागीय स्पर्धा, तिथून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संघाची निवड. विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातल्या विद्यापीठांशी खेळतो, आणि तिथे वर आला तर अखिल भारतीय स्पर्धेत. आपलं कॉलेज लवकर हरलं तरी धीर सोडू नका. विद्यापीठाच्या निवडीत खेळाडूचा खेळ बघतात, त्यामुळे हरलेल्या संघातल्यालाही संधी असते. ही चाचणी कधी, ते मात्र क्रीडा संचालकांना स्वतः जाऊन विचारावं लागतं.

आता पैशांचं. खेलो इंडियाची शिष्यवृत्ती वर्षाला 6.28 लाख रुपयांची. त्यातले 1.20 लाख, म्हणजे महिन्याला 10,000, खेळाडूच्या हातात येतात आणि बाकीची रक्कम प्रशिक्षण, निवास, आहार अशा गोष्टींवर खर्च होते. निवड होते ती शालेय वयापासूनच्या कामगिरीवर, त्यामुळे कॉलेजात आल्यावर तिचा विचार सुरू केला तर उशीर झालेला असतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी व्हावी लागते. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात मिळवा. दोन वर्षांनी मागायला गेलात, तर आयोजक बदललेले असतात.

अमेरिकेलाच जायचं असेल, तर नववीपासूनच्या गुणपत्रिका जपा, कारण तिथली पात्रता नववी ते बारावीच्या अभ्यासावरही ठरते. डिव्हिजन थ्रीची कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तिथे ती मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरा.

शेवटी थोडं हंगामाआधी होणाऱ्या चर्चेबद्दल. तिकडे ऑक्टोबरात प्रत्येक कॉन्फरन्सचे, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचे, अंदाज छापून येतात. आपल्याकडे निकाल लागल्यावर पेपरात चार ओळी येतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेली शिरीन लिमये याच पुण्याची. तेव्हा जिन्यावरच्या पोरांना माझं सांगणं आहे: विभागीय सामने सुरू झाले की एक दिवस बघायला चला. तिकीट नसतं, आणि बाकावर अगदी पुढे जागा मिळते.