पंप बदलला, गाडी सुरू झाली. मग बिघाड पंपातच होता का?

समजा, पिंपळवंडीहून आळेफाट्याला निघालेली मोटरसायकल चढाला मिसिंग करते आणि खड्ड्यात आदळली की बंद पडते. गॅरेजवाला पेट्रोलचा पंप बदलतो, गाडी पळायला लागते. मालकाचे काही हजार गेले, पण निदान बरोबर निघालं, असं सगळे म्हणतात.

रिसर्चला बसणार असाल तर इथे जरा थांबा. पंप बदलताना त्याचा कपलर काढून नवीन पंपाला लावला. म्हणजे एक नाही, दोन गोष्टी बदलल्या. कपलरच्या पिनांवर हिरवट थर साचला असेल, तर काढ-घाल करताना तो खरवडला जातो आणि गाडी काही दिवस ठीक चालते. दोष पंपाचा की जोडाचा, हे ठरवायचं तर जुनाच पंप परत लावून बघायला हवं. गॅरेजात एवढा वेळ कोणाला? (प्रयोगशाळेतही फारसा नसतो, पण ते आपल्यात राहू द्या.)

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि साध्या गाड्यांमधूनही कार्ब्युरेटर जवळजवळ गेला. आता टाकीतला विजेचा पंप इंजेक्टरकडे दाबाने पेट्रोल पाठवतो. किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंद बारीक घुं असा आवाज येतो, तो त्याचाच. म्हणून पेट्रोल कमी पडण्याचं कारण आता वायरीतही असू शकतं.

मग कपलर काढून मल्टिमीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, की 'वायरिंग ओके' म्हणायचं? नाही. गंजलेल्या जोडाचा रोध १.५ ओहम धरा. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम, त्यामुळे त्यातून वाहणारा करंट अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. एवढ्याशा करंटला दीड ओहमची अडचण होतच नाही. पंप चालू असताना २ अँपिअर वाहत असतील, तर त्याच जोडावर २ × १.५ = ३ व्होल्ट खर्च होतात. पंपाला उरतात ९. तो फिरतो, आवाजही करतो, दाब मात्र पुरत नाही. बहुतेक छोट्या गाड्यांत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो, त्यामुळे चेक-इंजिनचा दिवा लागेलच असं नाही.

इथे साधा बल्ब मीटरपेक्षा खरं बोलतो. पंपाच्या जागी हेडलाइटचा ३५ वॅटचा बल्ब लावा. तो जवळपास ३ अँपिअर ओढतो, म्हणजे पंपासारखाच भार टाकतो. मिणमिणला तर जोड खराब. सेन्सरच्या वायरींना मात्र हा बल्ब कधीही लावू नका, ईसीयू जळू शकतो.

मीटरच वापरायचा असेल तर कपलर जोडलेलाच ठेवा. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक कपलरच्या मागच्या बाजूने पंपाच्या अर्थच्या वायरीला. पंप चालू असताना ०.१-०.२ व्होल्ट चालतील, ३ दिसले तर चोर सापडला. नाहीतर प्लसच्या बाजूचे फ्यूज, रिले आणि किल्लीचा स्विच याच पद्धतीने एकेक तपासा. आकड्यावर नजर ठेवून वायरिंग हलवा, हँडल दोन्हीकडे वळवा. जिथे आकडा उडी मारतो, तिथेच उघडा. आणि टाकीजवळ पेट्रोलचा वास येत असेल, तर गळती थांबेपर्यंत यातलं काहीच करू नका.